ओट्यापासून पत्र्यापर्यंत : एका ड्रिलला लागलेले कटर

३ नोव्हेंबर – मोजमाप आणि कामांची यादी

पुण्यातला जुना २ बीएचके. स्वयंपाकघर पूर्ण नवं, गच्चीवरच्या शेडचं थोडं काम. भोकांची यादी आधी, खरेदी नंतर. उलट केलं की डबाभर कटर घरात येतात आणि नेमका हवा तो नसतो.

काळा ग्रॅनाइट ओटा, १८ मिमी : प्युरिफायरच्या नळासाठी १२ मिमीचं १ भोक. स्टेनलेस सिंक, ३०४ ग्रेड, १ मिमी पत्रा, नळाचं भोक न पाडलेलं : ३५ मिमीचं १. डाडोची, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीची व्हिट्रिफाइड टाइल : पाण्याच्या पॉइंटसाठी ३२ मिमीची ३, ब्रॅकेटच्या स्क्रूसाठी ६ मिमीची ८. कपाटांची दारं १२, त्यातल्या १० दारांना २-२ बिजागऱ्या, २ उंच दारांना ४-४, म्हणजे ३५ मिमीचे २८ कप (बिजागरी बसायचे गोल खळगे). सिंकखालच्या प्लायच्या पाठीत ५० मिमी पाइपसाठी १ भोक. माळ्यावरच्या प्लास्टिकच्या टाकीला १ इंची कनेक्टर. चिमणीच्या १५० मिमी डक्टसाठी ९ इंची विटांच्या भिंतीत आरपार. गच्चीच्या कलरकोटेड पत्र्यात ११० मिमी पाइपसाठी कट.

हातातली यंत्रं दोन. १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट धरणारा जबडा) ६०० वॅटचं इम्पॅक्ट ड्रिल, मिनिटाला ०–२८०० फेरे, एकच गिअर. आणि १८ व्होल्टचं बॅटरीचं ड्रिल, दोन गिअर, खालच्या गिअरला ०–४५० फेरे. कटर कुठला घ्यायचा हे मालावरून ठरतं, तो चालेल का हे या फेऱ्यांवरून.

५ नोव्हेंबर – फेऱ्यांचा हिशोब

कटरचा व्यास वाढला की कडेचा वेग वाढतो, तितके फेरे उतरवायचे. सूत्र साधं आहे : मिनिटाला मीटरमध्ये कापण्याचा वेग गुणिले १०००, भागिले ३.१४ गुणिले व्यास मिमीमध्ये. बायमेटल कटरने (दोन धातूंचा, वाटीसारखा कटर; पुढे नुसता 'कप') साध्या लोखंडाला साधारण २७ मीटर धरले तर ३५ मिमीच्या कपाला २४५ फेरे येतात. स्टेनलेसला १२ मीटर धरायचे, म्हणजे जेमतेम ११० फेरे.

आता ०–२८०० च्या ड्रिलकडे बघा. ट्रिगर हलकेच दाबून ११० फेरे मिळतात, पण ताकद मिळत नाही. इलेक्ट्रॉनिक स्विच वेग कमी करतो तो करंट तोडून, गिअर बदलून नव्हे. शिवाय गार करणारा पंखा त्याच शाफ्टवर असल्यामुळे तोही रेंगाळतो. दोन मिनिटांत वायंडिंगचा वास येतो. वैतागून ट्रिगर पूर्ण दाबला की कपाचे दात निळे पडतात आणि तिथेच कटर संपतो. दोष कटरच्या कंपनीला दिला जातो तो बहुतेक वेळा असा.

म्हणून वाटणी अशी : सिंक, टाकी आणि मोठ्या व्यासाचं लाकूडकाम बॅटरीच्या ड्रिलवर, खालच्या गिअरमध्ये. टाइल आणि ग्रॅनाइटही बॅटरीवरच, पण तिथे कारण वेगळं. पाणी ओतत काम करायचं आहे आणि हातात २३० व्होल्ट नकोत. वायरचं ड्रिल वापरावंच लागलं तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) असलेल्या सर्किटवरच. बिजागरीचे कप आणि पत्र्याचं काम वायरच्या ड्रिलवर.

६ नोव्हेंबर – खरेदी

बोहरी आळी. 'सेट घ्या, स्वस्त पडतो' हे पहिल्याच काउंटरवर ऐकायला मिळतं. खाचांच्या चकतीत एकात एक बसणाऱ्या पातळ गोल पट्ट्यांचा सेट साध्या कार्बन स्टीलचा असतो. जिप्सम आणि मऊ लाकूड यापलीकडे तो जात नाही. १८ मिमी प्लायमध्ये पट्टी खाचेतून निसटते आणि भोक अंडाकार होतं. घेतला नाही.

घेतलेलं :

बायमेटल कप ३५ आणि ५७ मिमी. बायमेटल ओळखायचा तर कपाच्या कडेजवळ वेल्डची बारीक रेघ दिसते, वरचे दात हायस्पीड स्टीलचे आणि खालची भिंत लवचीक पोलादाची. पूर्ण कप एकाच रंगाच्या जाड काळ्या थराने झाकला असेल तर नखाने खरवडून बघावं.

आर्बर, म्हणजे कप बसतो ती दांडी. इथे चूक हमखास होते. ३० मिमीपर्यंतच्या कपांना अर्धा इंच, इंचाला २० आट्यांचा थ्रेड असतो. ३२ पासून पुढे पाच अष्टमांश इंच, १८ आट्यांचा. छोटा आर्बर मोठ्या कपाला बसत नाही. मोठ्या आर्बरला दोन पिना असतात, त्या कपाच्या तळातल्या भोकांत शिरल्याच पाहिजेत. कप घट्ट आवळून मग पिना जुळवायला जाऊ नये. बेतानेच आवळायचा, पिना जुळेपर्यंत उलटा फिरवायचा आणि पिना आत ढकलायच्या. पिना न बसवता चालवलं तर सगळा जोर आट्यांवर येतो आणि कप असा जाम होतो की व्हाइसमध्ये धरूनच सोडवावा लागतो. शँक, म्हणजे चकमध्ये जाणारा भाग, षटकोनी घ्यावी, गोल शँक चकमध्ये घसरते. चावीचा चक असेल तर तिन्ही भोकांतून आवळायचा, एकातून नाही.

टीसीटी (दातांना टंगस्टन कार्बाइडची टोकं असलेला) शीट कटर ३५ मिमी, पत्र्यासाठीचा आखूड प्रकार, वर थांबण्याची कॉलर असलेला. फोर्स्टनर बिट (लाकडात सपाट तळाचं भोक पाडणारा) ३५ मिमी, टीसीटी टोकांचा. डायमंड कप १२ आणि ३२ मिमी, ६ मिमीचे दोन. कोबाल्ट बिट ३ आणि ६ मिमी, शँकवर एम ३५ कोरलेलं, म्हणजे ५ टक्के कोबाल्ट. स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांचा शंकू) ४–२० मिमी. ड्रिलला लावायचा, पत्रा कुरतडत कापणारा निबलर.

मुद्दाम नाकारलेलं : ड्रिलमध्ये धरायची ४ इंची कटिंग डिस्कची दांडी आणि लाकडाच्या गोल पात्याची दांडी. ग्राइंडर सुमारे ११,००० फेऱ्यांवर, गार्डच्या आडोशाने डिस्क चालवतो. ड्रिल त्याच्या पावपट फेऱ्यांवर, गार्डशिवाय. डिस्क कापत नाही, अडकते, आणि अडकली की ड्रिल मनगट घेऊन फिरतं. दातांचं पातं तर सरळ अंगावर चालून येतं. दोन्ही मुळीच घेऊ नयेत. सरकत्या पट्टीचा सर्कल कटरही हातातल्या ड्रिलसाठी नाही. एका बाजूला वजन, एका बाजूला पातं; तो स्टँडवरच्या ड्रिलचा माल.

डायमंड कपांवर दुकानातच व्हर्नियर लावला. ३२ लिहिलेला एक ३०.८ भरला. बदलून घेतला.

९ नोव्हेंबर – टाइल आणि ग्रॅनाइट

टाइलची भोकं लावण्याआधी जमिनीवर पाडली. भिंतीवर चिकटल्यावर मागे कुठे पोकळी राहिली आहे हे दिसत नाही, आणि पोकळीवर टाइल तडकते.

भाल्याच्या टोकाचा कार्बाइड बिट व्हिट्रिफाइडला चालत नाही. तो चकाकीच्या साध्या भिंत-टाइलसाठी ठीक. तिथे वरचा ग्लेझ कडक आणि आतली माती मऊ असते. व्हिट्रिफाइड आरपार सारखीच कडक, त्यामुळे टोक दोन भोकांत बोथट होतं. डायमंडच लागतो. आणि हॅमर बंद, स्विच दोनदा बघून.

डायमंड कपाला मधला पायलट बिट नसतो, म्हणून सरळ टेकवला की घसरत जातो आणि टाइलभर ओरखडे उठतात. दोन उपाय. कप ४५ अंशांत तिरका धरून चंद्रकोरीएवढी खाच पाडायची आणि फिरता ठेवूनच हळूहळू उभा करायचा. किंवा प्लायच्या तुकड्यात त्याच मापाचं भोक पाडून तो टाइलवर क्लॅम्प करायचा. आज प्लाय वापरला. तीन भोकं एका रेघेत यायला हवी होती.

३२ मिमीला ६०० ते ८०० फेरे, ६ मिमीला १५०० च्या आसपास. जोर हाताच्या वजनाइतकाच. दर ५–६ सेकंदांनी कप उचलायचा, म्हणजे चिखल बाहेर येतो आणि पाणी आत जातं. भोकाभोवती पुट्टीचं आळं करून त्यात पाणी भरलं. पुट्टी संपल्यावर कणकेचं केलं, तेही छान टिकलं. चिखल पांढरा आणि पातळ असेल तोवर सगळं ठीक. घट्ट राखाडी पेस्ट दिसली की पाणी कमी पडतंय.

६ मिमीचा पहिला कप पाचव्या भोकाला मेला. कारण सापडलं : आळं एका बाजूने फुटलं होतं आणि २० सेकंद कोरडं चाललं. कडेला निळसर रंग आला, हात लावला तर गुळगुळीत. या कपांवर हिऱ्याचे कण निकेलच्या एकाच थरात धरलेले असतात. तापून ते गळाले की खाली काहीच नाही. विटेवर घासून धार परत येते हे ऐकलेलं असतं, पण ते जाड सेगमेंटच्या सिंटर्ड कटरचं आहे. तिथे वीट वरचा धातू झिजवते आणि आतले नवे कण उघडे पडतात. या कपाला विटेवर घासणं म्हणजे उरलेलेही घालवणं.

ग्रॅनाइटचं १२ मिमी भोक सिंकच्या मागच्या पट्टीत. सिंकच्या कटआउटच्या कोपऱ्यापासून ७० मिमी लांब धरलं, कारण कोपऱ्यातच दगड आधी तडकतो आणि ५० मिमीच्या आत भोक म्हणजे तड्याला वाट. खालून प्लायचा तुकडा टेकू देऊन दाबला, नाहीतर शेवटच्या २–३ मिमीला खालची कपची उडते. त्या टप्प्यावर जोर निम्मा. एकूण ११ मिनिटं. छोट्या व्यासाच्या कपात गाभा अडकून बसतो. तो न काढता पुढे गेलं तर कप तळाशी अडतो आणि कापणंच थांबतं. दर ६ मिमीला थांबून शँकच्या बाजूच्या खिडकीतून तारेने गाभा ढकलला.

१२ नोव्हेंबर – सिंक

सगळ्यात भीती याच भोकाची. ग्रॅनाइट चुकला तर भोक नळाच्या फ्लँजखाली लपतं, सिंक चुकला तर नवा आणावा लागतो.

स्टेनलेस घासलं की कडक होतं. कटर कापत नसेल आणि नुसता घासत असेल तर काही सेकंदांत पृष्ठभाग आधीपेक्षा कितीतरी कडक होतो आणि मग चांगला कटरही सरकतो. म्हणून नियम उलटा वाटतो : फेरे कमी, जोर जास्त, आणि एकदा टेकवला की न उचलता चालवायचा. टाइलला उचलत राहायचं, इथे नाही. हाताला टाइलची सवय लागलेली असते, तेवढं सांभाळावं.

पर्याय तीन होते. ४–२० चा स्टेप ड्रिल २० लाच थांबतो. ४–३२ चा असता तरी पुढचे ३ मिमी व्यास कानसीने वाढवावे लागले असते. बायमेटल कपाचे दात ४ ते ६ मिमी अंतरावर असतात आणि पत्रा १ मिमी. सुरुवातीला सगळे दात सपाट टेकून नीट कापतात, पण पत्रा एका बाजूने आधी आरपार झाला की त्या कडेत दात अडकतात आणि ड्रिलला हिसका बसतो. दात तिथेच तुटतात. आखूड टीसीटी कटरचे दात जाड आणि त्यांचा काप उथळ, शिवाय पत्रा फुटताच कॉलर टेकते, म्हणून तो निवडला. पाना फिरवून दाबायचा नॉकआउट पंच याहून सफाईदार काम करतो, पण एका भोकासाठी महाग.

क्रम असा झाला. वर मास्किंग टेप, त्यावर गुण्याने खूण. खाली १२ मिमी प्लाय, दोन क्लॅम्पनी पत्र्याला घट्ट. सेंटर पंचचा एकच हलका ठोका. जोरात मारला तर पत्रा खोलगट होतो आणि तो खळगा पॉलिशमध्ये कायम दिसतो. ३ मिमी कोबाल्ट, मग ६ मिमी कोबाल्ट, दोन्हीला कटिंग ऑइलचे थेंब. मग टीसीटी, खालचा गिअर, ट्रिगर साधारण पाव. ड्रिल काटकोनात आहे का हे दोन बाजूंनी बघून. तेलाचा बारीक धूर चालतो. तेल जळून काळं पडलं तर थांबा, वेग जास्त आहे.

चुरा बघत राहायचा. लांब चकचकीत कीस येत असेल तर कटर कापतोय. काळी भुकटी आली तर घासतोय. ४० सेकंदांत चकती निघाली. आतली कड अर्धगोल कानसीने, वरची कड हाताने धरलेल्या काउंटरसिंकच्या दोन फेऱ्यांनी. चुरा लगेच ओल्या फडक्याने टिपला, झाडला नाही. साध्या लोखंडाचा एखादा कण सिंकमध्ये राहिला तर आठवड्यात तिथे गंजाचा ठिपका उमटतो आणि सिंक गंजतोय अशी तक्रार सुरू होते.

१४ आणि १५ नोव्हेंबर – बिजागऱ्यांचे कप, प्लायचं भोक

दार : १८ मिमी प्लाय, वर १ मिमी लॅमिनेट, एकूण १९. कप ३५ मिमी, खोली १२.५. दाराच्या कडेपासून कपाची कड ५ मिमी, म्हणजे मध्य २२.५ मिमीवर. स्क्रूची दोन भोकं ४८ मिमी अंतरावर, मध्यरेषेच्या ६ मिमी आत, २.५ मिमी बिटने. बिजागरी दुसऱ्या कंपनीची असेल तर ४५ किंवा ५२ अंतरही येतं, म्हणून बिजागरी हातात असल्याशिवाय स्क्रूची भोकं पाडू नयेत.

फोर्स्टनर यासाठीच आहे. तळ सपाट ठेवणारा, कडेने कापणारा. फ्लॅट बिटचं लांब टोक दाराच्या दर्शनी बाजूने बाहेर येतं. फोर्स्टनरलाही छोटं टोक असतं, २ ते ३ मिमी. १२.५ अधिक ३ म्हणजे १५.५. १९ मिमी दारात सुरक्षित. १६ मिमीच्या दारात खाली अर्धा मिमी उरतो आणि लॅमिनेटवर मुरमासारखा फुगवटा येतो. दार पातळ असेल तर टोक आधीच ग्राइंड करून कमी करावं.

साधा हायस्पीडचा फोर्स्टनर प्लायच्या डिंकाने आणि लॅमिनेटने आठ-दहा भोकांत जळतो, म्हणून टीसीटी. २८ भोकं एकाच बिटने, शेवटच्याला किंचित धूर. वेग १००० च्या खाली ठेवला. खोलीसाठी शँकवर टेप लावणं बेभरवशाचं, भुशाने टेप सरकतो. बिटवर लाकडी ठोकळ्याची कॉलर बसवली. तरी ९ नंबरचं दार १४ मिमी गेलं. कॉलरखाली भुसा दाबला गेला नव्हता, उलट कॉलरच वर सरकली होती. कॉलरला एक स्क्रू जास्त लावला.

प्लायच्या पाठीतलं ५७ मिमी भोक बायमेटल कपाने. लाकडात कप जळतो तो धारेमुळे कमी, भुशामुळे जास्त. वर्तुळाकार चरातून भुसा बाहेर यायला जागाच नसते. उपाय : कप टेकवून रेघ उमटवायची, मग त्या रेघेला चिकटून आतल्या, म्हणजे टाकाऊ भागात, १० मिमीची दोन आरपार भोकं पाडायची. भुसा त्यातून खाली पडतो. वेळ निम्म्यावर येतो आणि कड काळी पडत नाही. पायलट पलीकडे निघाला की थांबून उरलेलं दुसऱ्या बाजूने, म्हणजे मागचं व्हिनिअर उचकटत नाही.

१६ नोव्हेंबर – टाकी

१ इंची आट्यांचा बाहेरचा व्यास ३३.२५ मिमी, म्हणून ३५ चा कप. टाकी रिकामी, जागा मोल्डिंगच्या सपाट पट्टीवर. वक्र भागावर वॉशर पूर्ण बसत नाही आणि आयुष्यभर थेंब गळतो. प्लास्टिक वेगाने वितळून कपालाच चिकटतं. खालचा गिअर, मंद. पहिली खाच उमटल्यावर ड्रिल उलट दिशेने चालवलं. दात ओढत नाहीत, खरवडतात, आणि पातळ प्लास्टिकला तेच हवं. कडेचा बर, म्हणजे उरलेली खरबरीत कड, चाकूने सोलला, कानस नाही. रबर वॉशर आतून आणि बाहेरून.

१९ नोव्हेंबर – चिमणी

हातातल्या ड्रिलचं काम नाही. ९ इंच वीट आणि दोन्हीकडचं प्लास्टर मिळून २६५ मिमी. एसीच्या पाइपचं ६५ मिमी भोक भाड्याच्या रोटरी हॅमरवर टीसीटी कोअर कटरने होतं. १५० पार करायला स्टँडवरचं कोअर मशीनच हवं. दुसरा मार्ग शिवणीचा : १६० मिमी वर्तुळाचा परीघ सुमारे ५०३ मिमी, त्यावर १६ मिमी अंतराने १२ मिमीची ३१ भोकं, मग छिन्नी. स्वस्त, पण बाहेरचं प्लास्टर परातीएवढं पडतं. चौथ्या मजल्यावर ते परवडत नाही. १६२ मिमीचं डायमंड कोअर भाड्याने. आधी बीम कुठे आहे ते बघून, बाहेरच्या बाजूला ८ मिमी उतार ठेवून. खाली पाण्याच्या चिखलासाठी गोणपाट.

२२ नोव्हेंबर – पत्रा

कलरकोटेड ०.५ मिमी, ११० मिमी पाइप. ग्राइंडरने कापलं तर कडेचा रंग आणि जस्ताचा थर दोन्ही जळतात, आणि गरम ठिणग्या पत्र्यावर रुतून पहिल्या पावसातच तांबूस ठिपके येतात. निबलर थंड कापतो : वरून पंच, खालून डाय, पत्र्याचा चंद्रकोरीएवढा तुकडा पाडत जातो. १५०० फेऱ्यांच्या वर चालवायचा, म्हणून वायरचं ड्रिल. मधून सुरुवात करायची तर डोकं शिरण्याइतकं भोक लागतं. स्टेप ड्रिलने २० मिमी पाडलं. स्टेप ड्रिल पातळ पत्र्यात तिकोनी भोक पाडत नाही, साधा बिट पाडतो.

निबलरची बाजूची दांडी दुसऱ्या हातात घट्ट धरावी लागते, नाहीतर तो पूर्ण स्वतःभोवती फिरतो. पत्र्याच्या लाटेच्या उंचवट्यावर डोकं काटकोनात राहिलं नाही तर पंच अडकतो. तिथे जोर न लावता ड्रिल वळवत न्यायचं. पडणारे तुकडे सुईसारखे टोचतात. गच्चीवर अनवाणी कुणी येत असेल तर खाली चादर अंथरून ती गुंडाळून टाकावी. कडेला जस्ताचा प्रायमर दोन हात.

२४ नोव्हेंबर – मोठं करायचं भोक

सिंकचा ड्रेन बदलला, ५७ चं भोक ६४ करायचं आलं. पायलटला धरायला लाकूडच नाही. एकाच आर्बरवर ५७ चा कप पुढे आणि ६४ चा मागे बसतो तेव्हा जुनं भोकच मार्गदर्शक होतं, पण या आर्बरची आट्यांची लांबी दोघांना पुरली नाही. म्हणून ६ मिमी प्लायमध्ये ६४ चं भोक पाडून तो तुकडा जुन्या भोकावर समकेंद्री क्लॅम्प केला, पायलट काढून टाकला आणि कप त्या साच्यातून चालवला. ३ मिनिटं.

डब्यात परत : टीसीटी ३५ चांगला, फोर्स्टनर एकदा डायमंड पट्टीवर लावून घ्यायचा, ६ मिमीचा एक डायमंड कप फेकला, कोबाल्ट बिट तेल पुसून कागदात.